नीलांबरीच्या फोटोला हार

टाळ जरा मांडीवर ठेवा मंडळी, आणि आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपण देवळात कशाला जातो? दर्शनाला. बरोबर. पण नुसतं देवाला बघून आपलं भागतं का? मूर्ती पाठमोरी ठेवली तर चालेल? नाही ना! गाभाऱ्यापुढे एखादा उंच माणूस उभा राहिला, की आपण टाचा वर करतो, मान तिरकी करतो. देव दिसावा म्हणून? अहो, देव तर कॅलेंडरवरही दिसतो. ही धडपड असते ती त्याच्या डोळ्यांपुढे आपण यावं म्हणून.

गणपतीच्या कारखान्यात गेला असाल. सोंड झाली, पीतांबर रंगला, मुकुट झाला, तरी तोवर तो माल असतो. सगळ्यांत शेवटी जाणता कारागीर येतो, श्वास रोखून डोळे रेखतो, आणि मग आपले हात आपोआप जोडले जातात.

तर आजचा प्रश्न असा. माणूस मोठा कशानं होतो – हजारांनी त्याला बघितलं म्हणून, की त्यानं एकाला नीट बघितलं म्हणून?

रूप ते दिसाया । डोळे ते पाहाया ।
दोन्ही तुझी माया । नारायणा ॥

पेटीवरचे बागेवाडीकर काका मनात म्हणतायत, ताई, आज आख्यान कुठल्या पुराणातलं? काका, आज पुराण नाही. आजची आपली नायिका मॉडेल आहे, फॅशन शोमधली. – बघा! मघाशी विवेकावर बोलत होते तेव्हा त्या खांबाशी दोघं डुलक्या घेत होते, ते सरसावून बसले.

ती पिवळ्या फ्रॉकची छकुली समईकडे निघाली आहे, तिला घ्या बाई कुणीतरी. तेल गरम असतं. घेतली? हं.

तर मंडळी, ऐका. इचलकरंजीत मगदूमांच्या घरी एक मुलगी होती, नीलांबरी. वडील लवकर गेले. आई अक्काताई मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तुम्ही यंत्रमागाची शेड ऐकली आहे? बघितली आहे नाही, ऐकली आहे? चोवीस माग एकदम – खटाक् खटाक् खटाक्! कानाशी ओरडलं तरी शब्द पोचत नाही. मग तिथल्या बायका बोलतात कशा? ओठांनी आणि डोळ्यांनी. आवाज काढतच नाहीत. या टोकाची त्या टोकाच्या बाईला नुसत्या नजरेनं सांगते, ‘मुकादम आला गं’, आणि तिकडची पदर तोंडाला लावून हसते. वीस वर्षांत अक्काताईंचे कान गेले, पण गप्पा एक दिवस थांबल्या नाहीत. आणि शाळेतून येऊन कांड्यांच्या टोपलीशी बसणारी नीला हीच भाषा शिकली.

पोरगी वाढली ती अशी वाढली, की वर्गातली मुलं तिला ‘खांब’ म्हणायची. एका साडीवाल्यानं तिला साडी नेसवून फोटो काढले. फोटो पुण्याला गेले, पाठोपाठ ती पुण्याला गेली, मग मुंबईला. तिथे चालायला शिकवणारी एक बाई होती. ती म्हणाली, “नजर शेवटच्या रांगेच्याही वर, भिंतीवर. कुणाकडे बघायचं नाही. लोक कपडा बघायला आलेत, तुला भेटायला नाही.”

नीला हुशार. आठ दिवसांत शिकली. पुढची सात वर्षं ती चालली – शेकडो माणसांमधून, एकाकडेही न बघता. नाव झालं. कोल्हापुरात चौकात तिचा चाळीस फुटी फलक लागला. अक्काताई मुद्दाम बघायला गेल्या. फलकाच्या डावीकडे उभ्या राहिल्या, उजवीकडे उभ्या राहिल्या, रस्ता ओलांडून समोर गेल्या. घरी येऊन शेजारणीला म्हणाल्या, “लई देखणी आलीया. पर कुटनंबी बघा, पोर माझ्याकडं बघतच न्हाई.”

आणि मंडळी, ते फलकाचंच होतं असं नाही. ऐकू येत नाही म्हणून माय-लेकी व्हिडिओ कॉल करायच्या. आता खरं सांगा, व्हिडिओ कॉलवर आपण कुणाकडे बघतो? कोपऱ्यात तो छोटा चौकोन असतो, त्यात आपण असतो, त्याच्याकडे! केस नीट आहेत ना, हनुवटी जाड दिसत नाही ना. हसताय म्हणजे खरं आहे. नीलाही तिथंच बघायची. आणि ओठ-डोळे वाचणाऱ्या आईला लेकीचं अर्धं बोलणंच कळायचं नाही.

सत्ताविसावं लागलं, रॅम्पवर एकोणीस वर्षांच्या मुली आल्या, आणि नीलाला बोलावणी कमी झाली. त्याच सुमाराला एक मालिका मिळाली. भूमिका – धाकटी सून, ऊर्मी. सासूच्या भूमिकेत कुमुदताई. चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेली बाई. जिभेला धार, पण मन लोण्याचं.

पहिल्या दिवशी दिग्दर्शक श्रीरंग सामंत म्हणाले, “सोपं आहे. दारातून यायचं, जमिनीवरच्या या पट्टीवर थांबायचं, सासूबाईंकडे बघून म्हणायचं – आई, मी चुकले.”

नीला दारातून आली. पट्टीवर बरोबर थांबली. एक हात कमरेवर. हनुवटी वर. कॅमेऱ्यात बघितलं, ‘आई, मी चुकले’ म्हणाली, झोकात वळली आणि चालती झाली!

सेटवर हसू फुटलं. कुमुदताई म्हणाल्या, “बाळ, माफी मागितलीस की पैठणी दाखवलीस?”

सतरा वेळा घेतलं ते दृश्य. रॅम्पवर जे पुण्य, ते इथे पाप. सात वर्षांचं अंगवळण सात दिवसांत जाईना. संवाद पाठ, उभं राहणं चोख, पण नजर समोरच्याच्या कपाळावरून पलीकडे. कुमुदताईंनी एकदा विचारलंसुद्धा, “तू माझ्यासाठी रडतेस की माझ्या मागच्या भिंतीसाठी? तसं असेल तर मी भिंतीला रुमाल देऊन येते.”

महिना झाला. वरून निरोप आला, ही नको. आता मालिकेतल्या माणसाला नको म्हणायचं म्हणजे काय करायचं असतं? ट्रक! मालिकेतल्या ट्रकला ब्रेक नसतो, आणि तो नेमका नको असलेल्या सुनेच्याच अंगावर येतो. ठरलं. शुक्रवारी ऊर्मी घर सोडणार, बाहेर ट्रक.

पण हे तिला कोण सांगणार? तिथे सगळ्यांना वाटतं दुसऱ्यानं सांगितलं असेल. गुरुवारी ती दिवाणखान्याच्या सेटवरून चालली होती. शिडीवर एक कामगार चढून खिळा ठोकत होता. पाठमोराच म्हणाला, “ओ मॅडम, जरा बघून सांगा हो, फोटो सरळ आहे का.”

तिनं वर बघितलं. तिचाच फोटो. मॉडेलिंगमधला, सगळ्यांत देखणा. आणि त्याला चंदनाचा हार.

काय म्हणावं बाईनं? ती म्हणाली, “डावी बाजू थोडी खाली घ्या.”

मग जाऊन मेकअपच्या खोलीत बसली. कुमुदताई आत आल्या. आज त्यांनी टोमणा मारला नाही.

“कळलं तुला.”

“फोटो छान निवडलाय,” नीला म्हणाली.

“छानच आहे. म्हणूनच तो भिंतीवर शोभतो.” ताई शेजारी बसल्या. “मी तीनदा मेलेय मालिकेत. जेवण जात नाही दोन दिवस. पण तुला एक विचारू? आज माझ्या साडीचा रंग कोणता होता? सकाळपासून समोर आहे मी तुझ्या.”

नीलानं डोळे मिटले. आठवेना. साडी बदलून ताई बसल्या होत्या घरच्या गाऊनमध्ये, आणि तिला काही म्हणता काही आठवेना. तेव्हा पहिल्यांदा रडली हो ती. “ताई, उद्या माझी आई येतेय शूटिंग बघायला. महिन्यापूर्वीच बोलावलंय. तिला काय सांगू?”

शुक्रवार. अक्काताई आल्या. नवं लुगडं, हातात भडंगाचा डबा. लेकीला दृश्याची तयारी होती, एका मदतनीस बाईनं अक्काताईंना कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची दिली. कोण काय म्हणतंय ते काही ऐकू येत नव्हतं. बसल्या आपल्या कौतुकानं बघत.

दृश्य असं – ऊर्मी दारात उभी, सासू दिवाणखान्यात. ऊर्मीनं म्हणायचं, ‘आई, मी जाते’, आणि जायचं. बस, तेवढं एक वाक्य, आणि बाहेर ट्रक.

शांतता. कॅमेरा सुरू. नीला दारात उभी राहिली. आणि तिकडे, मंडळी, अक्काताई इकडेतिकडे बघता बघता वळल्या. मागच्या, कॅमेऱ्यात न येणाऱ्या भिंतीवर कालचा तो फोटो!

आता त्या माऊलीला काय माहीत मालिका कशी चालते? जिवंत लेकीच्या फोटोला हार! त्या उठून उभ्या राहिल्या. हात तोंडावर गेला. दारात उभी लेक, भिंतीवर मेलेली लेक – मान हिच्याकडे, मान तिकडे.

नीलानं ते बघितलं. कॅमेऱ्याच्या दोन हात पलीकडे आईचा चेहरा. ओरडून सांगावं, तर आईला ऐकू येत नाही. धावत जावं, तर कॅमेरा चालू. आणि मग सात वर्षं ज्या डोळ्यांनी भिंती बघितल्या, ते डोळे मागाच्या शेडमध्ये परत गेले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, नुसत्या नजरेनं ती म्हणाली, ‘आई, मी हाय. हितंच हाय. भिऊ नको.’

आईनं वाचलं. विचारलं, तसंच, बिनआवाजाचं – ‘मग ह्यो हार?’

‘खोटा हाय. तू काढ.’

अक्काताई खुर्चीवर चढल्या आणि त्यांनी हार काढला. हातात धरून लेकीला दाखवला. लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि त्यातूनच तिला हसू आलं.

मधे उभ्या कुमुदताईंना मागचं काहीच दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता समोरचा चेहरा. चाळीस वर्षं मुरलेली बाई आपली ठरलेली जागा विसरली, पुढे गेली आणि तिनं सुनेचे दोन्ही हात धरले. कॅमेरामन कुणी न सांगता जवळ गेला. सामंत ‘कट’ म्हणायला तोंड उघडून बसले होते, ते तसंच उघडं राहिलं.

शेवटी कट झाला. आणि अक्काताईंचा आवाज खणखणला – कान गेलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो – “ह्यो हार कुणी घातला? जित्त्या पोरीला हार घालायची कुटल्या गावची रीत म्हनायची ही?”

सामंत उठले. हात जोडून, ओठ नीट हलवून म्हणाले, “चुकलं आमचं.” आणि लेखकाला हाक मारली, “अहो, तो ट्रक थांबवा.”

अक्काताईंनी तेही ओठांवरून टिपलं. लेकीला म्हणाल्या, “कुटला ट्रक गं?”

बागेवाडीकर काका, हसू आवरा, पेटी वाजवायची आहे अजून.

मंडळी, इथे थांबलं असतं तर हा नुसता योगायोग झाला असता. संध्याकाळी कुमुदताई भडंग खात म्हणाल्या, “आज आई होती. उद्या काय करशील? रोज तिला खुर्चीवर चढवणार?” मग नीलानं एक नेम धरला. दृश्याच्या आधी समोरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचेच. ताई, गुडघा कसा आहे? जेवलात? मुलीचा निकाल काय लागला? ज्याला विचारलं त्याच्याकडे बघावं लागतं. ज्याच्याकडे बघितलं त्याच्यासाठी रडता येतं. तीन महिन्यांत धाकटी सून मालिकेची नायिका झाली. दोन वर्षांनी पुरस्कार मिळाला. टाळ्यांच्या कडकडाटात ती मंचाकडे निघाली, तीच ती जुनी सुरेख चाल – पण आता दर चार पावलांना थांबत होती, कुणाला तरी ओळख देत होती. निवेदक ताटकळला. ताटकळू दे.

पण मी तुम्हाला तिचा खरा जय सांगते. इचलकरंजीच्या त्या शेडच्या मालकानं भिंतीवर एक टीव्ही लावला. संध्याकाळी सातला मालिका लागते. माग बंद होत नाहीत. खटाक् खटाक् खटाक्! एक शब्द कुणाला ऐकू येत नाही. आणि चोवीस मागांवरच्या बायकांना ऊर्मीचं सगळं कळतं. इतर पात्रं आली की कांडी बदलून घेतात. ऊर्मी आली की म्हणतात, ‘थांबा, बोलतीया.’

रूप ते दिसाया । डोळे ते पाहाया ।

आता तुमच्याकडे वळते. पहिल्या रांगेत आठ मोबाईल वर आहेत, कीर्तन घेतायत. घ्या. पण मी तुमच्याशी बोलतेय आणि मला तुमच्या चेहऱ्याच्या जागी आठ पाठी दिसतायत. लेकराचा पहिला वाढदिवस, पहिलं पाऊल, सगळं काढून ठेवलंय आपण. मीही ठेवलंय, माझ्या फोनमध्ये जागा उरलेली नाही. पण पाऊल टाकल्यावर त्यानं मान वर करून शोधलं कुणाला? आणि तिथे त्याला काय दिसलं?

ती पिवळ्या फ्रॉकची छकुली बघा. मघापासून आईचा पदर ओढतेय, समईकडे बोट दाखवतेय. मी तिला तेलापासून आवरायला सांगितलं. माझं लक्ष होतं तिच्यावर, पण ती तिकडे कशाला चालली होती, हे मी विचारलं नाही. बाई, तू माझ्याकडे बघू नकोस. तिच्याकडे बघ. विचार तिला. काय दाखवतेस गं?

...काय म्हणाली?

मंडळी, ती म्हणते, समईच्या पितळेत देवबाप्पा दिसतोय. आणि तो तिच्याकडे बघतोय.

दीडशे माणसं बसलोय आपण इथे दोन तासांपासून. दर्शन झालं ते तिला.

उठा, आरतीला उभे राहा. आणि निरांजन पुढच्याच्या हातात देताना त्याच्या डोळ्यांकडे बघून द्या.