खिंडीतली दुसरी शेवंती

ऐका. आनि मधी बोलू नका. शंका काढायच्या त्या मागनं काढा, माझ्या पोटात बी लई हायत्या.

माझा मामा, धुळाप्पा. जतकडचा, मेंढरं राखनारा. त्येच्यापाशी एक कारवानी कुत्री हुती, शेवंती तिचं नाव. कारवानी म्हंजी उकिरड्यावर लोळनारं कुत्रं न्हवं, बरं का! लांब तोंड, बारीक कंबर, बरगड्या लांबनं मोजून घ्या. नवखा मानूस म्हनायचा, "उपाशी ठेवतोस व्हय रं हिला?" उपाशी कसली! ताकात कुस्करल्याली भाकरी, आठवड्याला दोन अंडी, समदं मामीच्या हातनं. अंगावर केस बारीक, म्हनून थंडीत पोतं पांघराया लागायचं. खाली मऊ हातरलं न्हाई तर तिची कोपरं सोलपटायची. भुंकायची वरसातनं एकदा.

तर मामा गेला सासुरवाडीला, शेवंतीला घिऊन. परत निघाला दिस बुडाल्यावर. का? तर दिसा गावोगावची कुत्री तिच्या अंगावर धावून यायची. सासू म्हनली, "जावईबापू, सकाळी जावा. खिंडीची वाट बरी न्हाई."

"संगं शेवंती हाय की," मामा म्हनला. निघाला.

टिपूर चांदनं. थंडी मरनाची. खिंडीच्या अलीकडं मोकळा माळ लागतो. माळावर ससा उठला. झालं! दोर हातातनं निसटला. ही जात नाकानं शोधत न्हाई, डोळ्यानं बघती आनि सुटती. एकदा सुटली की कितीबी बोंबला, ऐकत न्हाई. गेली. दिसंना.

आता नीट ऐका. आमच्यात एक रीत हाय. कारवानी सुटली की तिच्या मागं पळायचं न्हाई. जिथनं सुटली तिथंच आपलं घोंगडं हातरायचं आनि त्येच्यावर बसायचं. किती बी उशीर हुंदे, ती तिथंच परत येती. घोंगडं सोडायचं न्हाई! मामानं हातरलं. बसला.

थोड्या वक्तानं आली. खिंडीकडनं आली, शेपूट हलवत. पन घोंगड्याजवळ येईना. लांबच उभी राहिली, मागं वळून बघत पुन्यांदा खिंडीकडं चालली. मामाला वाटलं, ससा पाडलाय, दाखवाया न्हेती. उठला. घोंगडं तिथंच ऱ्हायलं. तिथंच चुकला गडी!

पन मामा पडला संशयी. आमचं घरानंच संशयी, तुमाला म्हाईत हाय. चालतोय आनि बघतोय. एवढं पळून आल्याली कुत्री, जीभ भाईर न्हाई? बरगड्या हलंनात? एवढ्या थंडीत कुडकुडंना? आनि ही बया जमीन हुंगत चालल्याली! शेवंती कवा हुंगायची?

मामानं परीक्षा घेतली. शिदोरीतला भाकरीचा तुकडा टाकला. पळून आल्यावर कारवानीला दम बसल्याबिगर खायाला देत न्हाईत, जनावर मरतं. शेवंतीला तर समोर धरलं तरी ती तोंड लावायची न्हाई. हिनं गपकन गिळला! चावला बी न्हाई. आनि मामाच्या तोंडाकडं बघत बसली.

मामाच्या अंगावर काटा आला. त्येनं हळूच तिच्या कंबरंवर हात ठेवला. शेवंतीच्या कंबरंच्या दोन हाडांच्या मधी त्येची तीन बोटं बसायची. इथं हाडच न्हाई! भिजल्याल्या पोत्यागत मऊ. आनि मांडीला लागनारी कुत्री आता छातीला लागाया लागली.

"जावईबापू," कुत्री बोलली. सासूच्या आवाजात बोलली! "भाकरी आनखी हाय का?"

पळाला! पटका पडला, पळाला! मागनं पावलं. चार पायांची न्हाईत, दोन पायांची! धप, धप, धप! घोंगडं दिसलं एकदाचं. आनि घोंगड्यावर कोन? शेवंती! बसल्याली. धापा टाकतीया, कुडकुडतीया.

आता तुमीच सांगा, त्या वक्ताला इश्वास कुनावर ठेवायचा? मामाला वाटलं ही बी तसलीच. काठी उचलली आनि हानली तिच्या पाठीवर. जीव खाऊन हानली. केकाटली न्हाई ती. मामाकडं नुसतं बघितलं. मंग त्येच्या बाजूनं झेप घिऊन मागच्या त्या बयेला भिडली. गुरगुर न्हाई, काय न्हाई, मुक्यानं भिडली. धुरळा उडाला. एक किंकाळी आली, बाईची. ती खिंडीकडं लांब लांब गेली आनि सामसूम झालं.

शेवंती माघारी आली. जीभ भाईर, बरगड्या भात्यागत हलत्यात. मामा तिच्या कंबरंवर हात ठेवाया गेला. ती बाजूला सरकली.

मामा जित्ता घरी पोचला. पन कारवानीला कुनी मारू नये, बाबांनो. ती जात लई मानी. सात वरसं शेवंती त्येच्याच दारात ऱ्हायली. मामीच्या हातनं खायची. मामानं वाटी पुढं केली की उठून जायची. चावली न्हाई, गुरगुरली न्हाई, उठून जायची. मामा रोज वाटी पुढं करायचा. रोज! मामी चिडायची, "आवं, सोडा की नाद." सोडला न्हाई त्येनं.

शेवटाला शेवंती म्हातारी झाली, मागचे पाय गेले, उठता येईना. मामा वाटी घिऊन बसला तिच्यापाशी. आता कुठं जानार ती? तिनं तोंड भिंतीकडं केलं. त्या दिशी मामाला मी पयल्यांदा रडताना बघितलं.

म्हनून सांगतो, त्या खिंडीच्या वाटंनं जाऊ नका. कुनी किती बी सोबतीला असूंदे. तिथं गेल्यावर मानसाला आपलं जनावर वळखू येत न्हाई.