दिव्याची चांदी

आमी मूळचे उमरेडचे कोष्टी. आजोबाच्या टायमाले नागपुरात आलो, तांडापेठेत राहिलो, घरात दोन माग होते, बाबा विणत, मीबी धोट्यावर हात बसवला होता, पन पुढं लुगड्याले गिऱ्हाईकच राहिलं नाई, त मी डायवरी शिकलो. माग बंद पडले अन् मी एका डॉक्टरची जुनी विलायती मोटार घेतली, नागपूर-उमरेड टॅक्सी चालवाले. बाबा त्या गाडीत कधी बसले नाई. पोरानं मागाकडं पाठ केली असं वाटे त्याइले, बोलत नसत, पन समजत होतं ना मले.

आनीबानीच्या आधीची गोष्ट सांगून राहिलो. गाडी पळाले चांगली, पन पुढचे लाइट, काय सांगू तुमाले, पिवळे, मेलेले, त्याइच्यापरीस कंदील बरा. अन् आरटीओचं पासिंग आलं, उद्यावरच आलं. लाइट फेल त गाडी फेल, अन् गाडी उभी राहिली का उमरेडचे रोजचे पाशिंजर दुसऱ्याच्या गाडीत गेले समजा, ते काई वापस येत नाई. मिस्तरीकडं जायाचं सोडून मी म्हनलं, घरीच करू, त्यात काय हाये. बाहेरून काच पुसली, बल्ब बदलले, तरी पिवळेच. काच काढून पाहिली त आतली वाटी, जिच्यावरून उजेड पुढं फेकल्या जाते, ते पिवळी पडलेली. मी म्हनलं, सापडला चोर. दोनी वाट्या काढल्या, ओट्यावर पेपरावर ठेवल्या, अन् काचेभवतालचं रबर तुटलं होतं ते आनाले सीताबर्डीले गेलो. बायकोले सांगून गेलो, हात लावू नोको वं. बाबाले सांगितलं नाई. ते कायले हात लावतात गाडीच्या सामानाले?

वापस येतो त बाबा ओट्यावर बसून, चिंच अन् राख घेऊन दुसरी वाटी घासून राहिले. पहिली झाली होती. म्हने, पाह्य गा, कशी लखलख करून राहिली, देवाची समई घासतो तशी घासली, तुले उद्या काम पडते ना. पाहतो त काय, नुसतं पितळ! त्या वाटीवर चांदीचा पातळ मुलामा राहते, कापसानं हळूच पुसा लागते, तो मुलामा राखेसंग गेला अन् खालचं पितळ वर आलं. माहं डोकंच फिरलं. म्हनू नये ते म्हनलो, अख्ख्या गल्लीनं आयकलं. माग त बुडवलाच तुमी, आता माही गाडीबी बुडवा, असं म्हनलो मी बापाले. बाबा उठले. चिंचेचे हात धुतले अन् आत गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी फेल झाली, व्हायाचीच होती. पासिंगचा साहेब म्हने, समई लावून आला का गा. पंधरा दिवस गाडी उभी. मुलामा देनाऱ्याकडून वाट्यांले पुन्हा चांदी चढवून आनली, लावली, लाइट लावतो त पुन्हा पिवळा, मेलेला! मले रडूच यायाचं बाकी होतं. शेवटी मिस्तरीकडं गेलो. त्यानं बॉनेट उचललं, आतमधी एक वायर बॉडीले कसलेली राहते, तिथं गंज चढला होता, त्याच्यानं लाइटले करंटच पुरा भेटत नोता, तो गंज पॉलिश पेपरानं घासला अन् म्हने, आता लाव. भिंतीवर पांढरा फक्क उजेड. पाच मिनिटाचं काम होतं. म्हनजे मुळात वाट्या काढाचीच गरज नोती. बाबाच्या हाती त्या गेल्या नसत्या, मी बोललो नसतो.

गाडी पास झाली. घरी येऊन बाबाले म्हनलं, झालं काम. ते म्हने, बरं झालं, माह्या हातानं नुकसान झालं बाप्पा तुहं. तवा सांगाले पाहिजे होतं ना का वायर होती, तुमच्या हातानं नाई झालं, घोटाळा माहा होता. नाई सांगितलं. बोलनं खाल्लं होतं त्याइनं माहं, अन् मले कमीपना वाटे. त्याच्यानंतर बाबा सात वर्सं जगले, पन घरातल्या कोन्या वस्तूले मले इचारल्याशिवाय हात लावला नाई, साधी खिट्टी ठोकाची असली तरी म्हने, ठोकू का गा.

आता मी साठीले आलो, गाडीबी इकली. तुमी लिहून घेऊन राहिले त हे लिहा, वायर गंजली होती म्हना. बाबाले सांगाचं राहून गेलं, निदान कागदावर त राहू द्या.