दोन भोकांची जागा

धोंडू : थंय नको, मास्तर. मधोमध तर नकोच. दुसरी खंयचीय जागा बघा.

रामचंद्र : दुसऱ्या सगळ्या जागा बघून संपल्या, धोंडू. सहा वर्षं नंबर गाडीच्या नाकाच्या उतारावर रंगवलेला होता, कोणी हरकत घेतली नाही. या वेळचे तपासणीचे साहेब म्हणाले, हा नंबर आकाशाला दिसतो, हवालदाराला दिसत नाही. पुढचा नंबर पाटीवर हवा, पाटी उभी हवी आणि पक्की हवी. म्हणून पहिल्या खेपेला मी खालून, सांगाड्याला पट्टी जोडून पाटी लावली. पण सांगाडा फार खाली संपतो. मरोळच्या पहिल्याच खड्ड्यात पट्टी वाकली.

उत्तरा : वाकली नाही बाबा, तुटली. मीच मागे चालत जाऊन पाटी उचलून आणली. बसमधले लोक वाकून बघत होते.

रामचंद्र : दुसऱ्या खेपेला चामड्याच्या पट्ट्याने नाकाला बांधली. साहेबांचं म्हणणं पडलं की जी पाटी बांधता येते ती सोडताही येते. तेही चूक नव्हतं. तिसऱ्या खेपेला गाडीच्या तोंडावर, जाळीसमोर लावली.

उत्तरा : आणि घाटकोपरला पोचेपर्यंत पाणी उकळलं. वाराच आत जाईना. चहावाल्याकडे कळशीभर पाणी मागितलं, तर म्हणतो, बाई, आलं घालून देऊ का गाडीला?

धोंडू : बंपर नाय काय लावता येत?

रामचंद्र : बंपर तरी कशाला अडकवणार? सांगाडा खाली राहिला आणि वर राहिलं ते तुझं नाक. आज चौथी खेप. चार वाजता गाडी साहेबांपुढे उभी करायची. आज नापास झाली तर नोंदणी रद्द, मग ती याच शेडमध्ये ताडपत्रीखाली. पत्र खिशात आहे, वाचून दाखवू?

धोंडू : नको. सरकारी पत्र ऐकान माझां काय होतला. बायलेक सांगान इलंय की मास्तरांकडे चहाक जातंय. चहा देवा आणि ता गिरमिट तेवढां खाली ठेवा.

उत्तरा : धोंडूकाका, मला कळतं तुम्हाला काय वाटतं ते. अडीच वर्षं रोज कारखाना सुटला की येऊन ठोकत बसायचात तुम्ही. मी शाळेत होते तेव्हा. पण दोनच बारीक भोकं आहेत हो. पाटीखाली झाकली जातील.

धोंडू : तुका नाय कळणार, चेडवा.

रामचंद्र : मला कळतं असं मी समजतो. चेंबूरच्या भंगारवाल्याकडे ही गाडी मिळाली तेव्हा तिला नाक नव्हतंच. पुढचा भाग चेपून त्याचा कागदाचा बोळा झाला होता. असं नाक मुंबईत कोणी बनवत नाही म्हणून सगळ्यांनी हात वर केले. तू वाळूची पिशवी मांडीवर घेतलीस, लाकडी मोगरी घेतलीस आणि एका पत्र्यातून हे उभं केलंस. एक पत्रा, एकही सांधा नाही. माझे विद्यार्थी बघायला आले की मी त्यांना यावरून हात फिरवायला सांगतो. म्हणतो, यंत्र करील ते मोजता येतं, हे मोजून दाखवा.

धोंडू : अजून सांगता तसां?

रामचंद्र : गेल्या रविवारीही सांगितलं. का?

धोंडू : नाय, असांच.

रामचंद्र : म्हणूनच मी आजवर भोक पाडू दिलं नाही. पण भोक न पाडता गाडी वाचत नाही. पूर्ण विचार करून मी मधोमध खडूच्या दोन फुल्या केल्या आहेत. पाटीच्या रुंदीला तीच एक जागा सपाट आहे.

धोंडू : म्हणानच सांगतंय, थंय नको.

रामचंद्र : कारण सांग, धोंडू. नुसतं नको म्हणालास तर माझ्याकडे पर्याय राहत नाही.

उत्तरा : अडीच वाजले, बाबा.

धोंडू : मास्तर, तुम्ही परीक्षेचे पेपर तपासूक पुण्याक गेलेलात, आठवता? चार दिवस.

रामचंद्र : आठवतं. परत आलो तेव्हा नाक पूर्ण झालेलं होतं. मी तुझ्या पाठीवर थाप मारली होती.

धोंडू : ती थाप अजून दुखता.

रामचंद्र : म्हणजे?

धोंडू : आमचो धंदो तांब्याचो. बापाशीन, आज्यान तांबाच ठोकलां. तांबा तापला की लाल होता. लाल झाला की समजायचां, आता नरम इला, ठोक. ता आपणच सांगता. ह्यो तुमचो ॲल्युमिनियमचो पांढरो पत्रो काय सांगत नाय. लाल होयत नाय, काळो होयत नाय, गप ऱ्हवता आणि एकदम वितळान खाली पडता.

रामचंद्र : म्हणून तर मी तुला साबणाची युक्ती शिकवली होती. पत्र्याला साबण चोळायचा, ज्योत फिरवायची, साबण काळा पडला की थांबायचं.

धोंडू : साबण संपललो. म्हटलां, आता साबणाक कोण जाता, आपलो डोळो आसा. मग ज्योत धरल्यार भय वाटूक लागलां. वितळलो तर मास्तर येवन काय बघतले? तापवलंयच नाय. थंडच ठोकलंय. आणि मधोमध पत्रो फाटलो.

उत्तरा : किती?

धोंडू : वीतभर.

*(रामचंद्र हातातलं गिरमिट बाकावर ठेवतो.)*

रामचंद्र : पुढे.

धोंडू : मरोळच्या भिकाजीकडे गॅसवर जोडून आणलंय. मग तीन रात्री कानस मारलंय, पॉलिश मारलंय. कोणाक दिसूचां नाय असां केलंय. तुमका सांगूचां होतां. पण तुम्ही पयलांच बोललात, एक पत्रो, सांधो नाय. तुमची ती तोंडभरून तारीफ ऐकली आणि माझी वाचा बंद झाली. मग दुसऱ्या दिवशी सांगणां कठीण, दुसऱ्या वर्षी त्याहून कठीण.

उत्तरा : म्हणजे या फुल्या बरोबर त्या जोडावर आहेत?

धोंडू : जोडाच्या वरच. थंय गिरमिट लागलां की जोड उघडतलो. आणि गाडी चालली की तडो पुढे धावतलो.

उत्तरा : वाट लागली. बाबा, नेऊच नका मग. ताडपत्री टाका, मी कार्यालयात फोन करून येते.

रामचंद्र : आणि सांगशील काय? की मालकाने सात वर्षं सगळ्यांना चुकीची माहिती दिली?

धोंडू : मास्तर, दोष माझो.

रामचंद्र : दोषाचं नंतर बघू. तू त्या वेळी सांगितलं असतंस तर मी आतून पट्टी दिली असती, आणि आज तिच्यात निर्धास्त भोक पाडलं असतं. आता आत जेमतेम हात जातो, पट्टी बसवता येत नाही. सगळं उतरवायला आठवडा लागेल आणि आपल्याकडे तास आहे, सव्वा तास.

उत्तरा : मग?

रामचंद्र : तडा नेहमी टोकावरून धावतो. टोक टोकदार असतं म्हणून धावतो. त्याच्या टोकालाच बारीक, गोल भोक पाडलं तर तो बहुधा तिथे थांबतो. जोडाची दोन टोकं आणि पाटीचे दोन बोल्ट, अशी चार भोकं. ज्या नाकाला मी एक भोक पाडू देत नव्हतो त्याला. धोंडू, जोडाची टोकं नेमकी कुठे आहेत?

धोंडू : सात वर्षां झाली, मास्तर. डोळ्याक काय दिसणार. माझ्याच कानशीन सगळां पुसलां.

रामचंद्र : तुला दिसणार नाही. पण ठोकून ऐकू येईल ना?

धोंडू : उजवो हात गेल्या गणपतीपासून लुळो.

रामचंद्र : डावा आहे.

उत्तरा : या काका, पुढे या. मी धरते तुम्हाला. स्टूल देऊ? हं, टेका इथे. खडू माझ्याकडे आहे, तुम्ही म्हणाल तिथे खूण करते.

धोंडू : गप ऱ्हवा दोघांव. ... हंय आवाज मोकळो. हंय पण. हंय... हंय बसको. जोड हंय आसा. आता डावीकडे. बसको, बसको, बसको... मोकळो. कर खूण, चेडवा. ह्यां टोक पक्कां.

उत्तरा : केली. आता उजवीकडे.

धोंडू : बसको... बसको... हंय मोकळो वाटता. थांब. परत ऐकतंय. डाव्या बोटांनी कधी पत्रो ऐकूक नाय, गो. उजव्याक सगळां ठाऊक होतां.

रामचंद्र : घाई करू नकोस.

धोंडू : कर खूण. हंयच असतला.

रामचंद्र : असेल की आहे?

धोंडू : माका वाटता, आसा.

उत्तरा : तीन वाजले.

रामचंद्र : ठीक आहे. आधी डावं टोक. उत्तरा, मागून हाताने रेटा दे, पत्रा थरथरता कामा नये. ... झालं. उजवं. ... झालं. आता बोल्टचं पहिलं.

उत्तरा : बाबा, जोड उघडतोय. केसासारखी रेघ.

रामचंद्र : दिसतंय मला. डावीकडे भोकाशी थांबला. छान थांबला. दुसरं.

धोंडू : माका ऐकू इलां.

उत्तरा : काय?

धोंडू : उजवीकडे टक् झालां. भोकाच्या पलीकडे.

रामचंद्र : खरं आहे. खूण थोडी आत पडली. तडा भोकाला वळसा घालून दोन बोटं पुढे गेलाय.

धोंडू : अजून एक भोक पाडा त्याच्या टोकाक.

रामचंद्र : पाडलं असतं. पण तिथे पत्रा वळतो, तिथे तू ठोकून ठोकून तो कागदाएवढा पातळ केलायस. तिथे गिरमिट लावलं तर वळणच फाटेल. पाटी दे उत्तरा. बोल्टखाली चामड्याच्या चकत्या घाल, हादरा कमी बसेल. जास्त आवळू नकोस. बस.

उत्तरा : तडा पाटीच्या बाहेर दिसतोय का?

रामचंद्र : नाही. अर्धा इंच आत आहे.

धोंडू : आज.

रामचंद्र : हो. आज. उत्तरा, तू निघ. खड्डे चुकव, नाही चुकले तर सावकाश उतरव. आणि साहेबांनी पाटी हलवून बघितली तर बघू दे. आपल्या हातात आता काही नाही.

उत्तरा : तुम्ही नाही येत? दर खेपेला तर बाजूला बसून मला गिअर सांगत असता.

रामचंद्र : तुला येतात गिअर. माझ्यापेक्षा बरे येतात. मला त्या नाकाच्या मागे बसून रस्त्याकडे बघवणार नाही. मी थांबतो, धोंडूचा चहा राहिलाय.

धोंडू : सावकाश गो, बाय. ... गेली. इंजिनाचो आवाज चांगलो आसा, मास्तर. इंजिन तुमचां.

रामचंद्र : साखर किती घालू?

धोंडू : तुम्ही काय घालशात ती. मास्तर, रविवारी पोरां इली आणि नाकावर हात फिरवूक लागली, तर त्यांका काय सांगशात?

रामचंद्र : काही सांगावं लागणार नाही, धोंडू. आता समोर पाटी आहे. लोक नंबर वाचतील.