तीनशे बारा नंबरचा डबा

बाबांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक तरुण मुलगी आणि तिचे वडील होते.

"सोमवारी मी परगावी नोकरीवर रुजू होणार. मग घरात तुम्ही एकटे. सांगा, साखर कुठल्या डब्यात?"

"कॉलेजच्या लायब्ररीत काम करतेस, म्हणून काय स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही पुस्तकांसारखे तीन आकडी नंबर चिकटवायचे?"

"विषय बदलू नका, बाबा."

"तीनशे बारा."

"ते मीठ!"

"तरीच कालचा चहा..."

"तो प्यायलात तुम्ही?"

"म्हटलं, लायब्ररीवाल्या बाईंचं चुकायचं नाही, आपलीच जीभ बिघडली असेल."

"तुम्हाला असं सोडून मी जाऊ कशी?"

"जा गं. रोज फोन करून एकेक नंबर विचारीन."

"रोज?"

"डबे चाळीस आहेत. तोवर रुळशील तिकडे."