कंदील, होडी, मोगरा, चमचा, निळा

— नाही, वर जाऊ नकोस अजून, झोपलीय ती. बस इथं. दुपारच्या अस्रची बांग झाल्याशिवाय उठत नाही, आणि मध्येच उठवलंस तर तुझे कागद राहतील बाजूला, तीच तुला विचारत बसेल, तू कोण, टेलिफोन खात्यातून आलीस का म्हणून. चार जिने चढून परत उतरायचं, त्यापेक्षा दुसऱ्या मजल्यावर थांब, चहा घे. पुदिना घालू? घालतेच. तर काय सांगत होते मी — हां, गाबर. खालचा किराणावाला. सकाळी पाव घ्यायला उतरले तर हा दाराकडं पाठ करून औषधवाल्या वदीअला सांगतोय, ‘शुक्रवारी नेणार म्हणे इन्शिराहताईंना, म्हाताऱ्यांच्या त्या आश्रमात, आणि हे सगळं झालं ते—’ आणि वदीअनं मला पाहिलं. खोकला. असा खोकला की मेलेल्यालाही कळावं. गाबर वळला आणि म्हणतो कसा, ‘या उम्म शौकी, पाव गरम आहेत.’ पाव. तीस वर्षं त्याच्याकडून घेतेय, त्यानं आपण होऊन कधी पाव गरम असल्याचं सांगितलं नाही. मी काही लोकांच्या अध्यात ना मध्यात, पण डोक्यावरच्या घरातलं माणूस जाणार आणि मला पावावरून कळणार? म्हणून तुला जिन्यात अडवलं. तू डॉक्टर आहेस, तुझ्या कागदात असेल. शुक्रवार खरा का?

बरं, नको सांगूस. आधी चहा पी.

तुला इन्शिराहताई कशी दिसली असेल ग, वर्षातून एकदा येणार तू, स्मरणशक्तीच्या परीक्षेचे कागद घेऊन. आम्ही तिला पाहिलंय. टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, कानाला यंत्र लावून, अर्ध्या शहराचे नंबर तोंडपाठ. आजही विचार, कस्टम हाऊसचा जुना नंबर, बर्फाच्या कारखान्याचा नंबर, सांगेल. उलटे सांग म्हण, उलटे सांगेल. गेल्या वर्षी आकडे उलटे म्हणायला लावलेस तेव्हा तुझंच तोंड उघडं राहिलं होतं — मी होते ना तिथं, कोपऱ्यात, भाजी निवडत. पण सकाळी नाश्ता काय केला ते नाही सांगता यायचं. आणि मम्दूहचा फोन आला की छान बोलते, सगळं विचारते, बायको कशी, दम्मामला उकाडा किती — आणि ठेवला की माझ्याकडं बघून, ‘फार गोड मुलगा, कोण ग हा?’ पोटचा पोरगा. मी काय सांगणार. मी म्हणायची, ‘ओळखीतलाच आहे ताई, परत करेल.’

खिडकीबाहेर दोरी दिसतेय ना, ती तिच्या टोपलीची. आमच्या आळीत म्हातारं माणूस खाली उतरत नाही, टोपली उतरते. वरून चिठ्ठी टाकायची, दोरी सोडायची, गाबर नाहीतर वदीअ सामान भरणार, घंटी वाजवणार, की ओढायची. ती माझ्या या खिडकीसमोरूनच जाते, म्हणून मला ठाऊक असतं कोण काय खातंय. हेरगिरी नव्हे, खिडकीच तिथं आहे त्याला मी काय करू. तर दोन वर्षांपूर्वी एकदा ती स्वतः खाली गेली आणि परतीचा जिना विसरली — दुसऱ्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर किल्ली फिरवत उभी. तेव्हा मी सगळ्यांना सांगून ठेवलं, गाबरला, वदीअला, त्याच्या बायकोला, मासळीवाल्याला — टोपलीतून जे मागेल ते द्या. नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की ती कासावीस होते आणि स्वतः उतरते. लोक भले आहेत इथले. कुणी नाही म्हटलं नाही. तेच तर — थांब, येते त्यावर.

आणि उपाय म्हणशील तर मी काय कमी केले नाहीत. माझा मुलगा शौकी बातम्या पाठवतो फोनवर, आज काय शोध लागला, उद्या काय. अक्रोड खा, मेंदूला चांगला. खाऊ घातले. रोज चाला — गच्चीवर चालवली, हाताला धरून. कमी ऐकू येत असेल तर कानात यंत्र घाला, माणूस बोलण्यातून तुटलं की डोकंही तुटतं — हे मला पटलं, मम्दूहला सांगून मागवलं यंत्र, तर ती बोलते त्यात, ‘कोणता नंबर जोडू?’ सोमवारी कॉफी चांगली, गुरुवारी कॉफी वाईट. पाचवीपर्यंत शिकलेली बाई मी, मला कसं कळावं सोमवार खरा की गुरुवार? तुम्ही शिकलेली माणसं एकमेकांत ठरवून मग का नाही सांगत?

हसतेस. हस. गेल्या वर्षीही हसलीस तू, जाताना दारात म्हणालीस, ‘तिसातले सत्तावीस, आजी तर माझ्यापेक्षा हुशार.’ आणि मी खाली येऊन साखर वाटली.

बघतेयस काय अशी? चहा गोड झाला का?

हो, भाजी निवडत होते. आणि ओठही हलत होते, हो. तुला दिसले होते? मग बोलली का नाहीस तेव्हा? तुला वाटलं म्हातारी दुआ पुटपुटतेय — बरोबर, वाटणारच. तारीख मी ओठांनी सांगितली. वार बोटांनी. आणि ते पाच शब्द, जे तू आधी सांगतेस आणि मग गप्पा मारून पुन्हा विचारतेस — कंदील, होडी, मोगरा, चमचा, निळा — ते मला आधीच माहीत होते. खालच्या आळीत त्याच आठवड्यात घेतली होतीस ना तू परीक्षा, शिंप्याच्या आईची. शिंप्याकडून आणले. आठ दिवस घोकून घेतले. रोज सकाळी टोपली खाली जाताना मी खिडकीत डोकं काढून ओरडायची, ‘ताई, कंदील?’ आणि वरून उत्तर यायचं, ‘होडी.’ ‘मोगरा?’ ‘चमचा.’ आणि मग दोघी मिळून, ‘निळा.’ मासळीवाल्यालासुद्धा पाठ झाले होते.

का म्हणजे? तुला ठाऊक नाही तिनं माझं काय केलंय ते. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा अक्षरं विसरून गेले होते, पाचवी नावाला. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी होती, पण साक्षरतेचा दाखला पाहिजे. तर इन्शिराहताईनं ड्युटीवरून येऊन रोज शिकवलं, या टेबलावर, आणि तरी परीक्षेच्या दिवशी मला एक उत्तर आठवेना — तेव्हा ती खिडकीबाहेर उभी राहिली, रस्त्यावर, भर उन्हात, आणि मोठ्यानं उत्तरं सांगितली. आपल्याकडं सगळ्यांचेच लोक उभे असतात खिडकीबाहेर, तिचा आवाज तेवढा एक्सचेंजचा, स्पष्ट. पास झाले. वीस वर्षं त्या दाखल्यावर भांडी चढवली मी. मग तिची परीक्षा आल्यावर मी भाजी निवडत गप्प बसायचं? परीक्षा म्हटली की आपलं माणूस पास झालं पाहिजे, एवढंच मला कळतं. नापास होण्यात कुणाचं भलं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पोरी. तूही नाही सांगितलंस.

सांगितलं होतंस? कधी — हां. दारात. ‘आजाराची सुरुवात असती तर त्या नव्या औषधाच्या चाचणीच्या गटात घेता आलं असतं, पण आजींना गरजच नाही.’ ते का सांगणं झालं? मला वाटलं कौतुक करतेयस.

नंतर कळलं मला. हिवाळ्यात, शौकीच्याच बातमीत. की ते औषध आजार परतवत नाही, नुसता सावकाश करतं, आणि तेही अगदी आरंभालाच दिलं तर. पुढं गेल्यावर उपयोग नाही. तीनदा वाचलं. ताईचीच अक्षरं — म्हणजे तिनंच शिकवलेली ना मला. तिनं शिकवलं नसतं तर वाचता आलं नसतं आणि कळलंही नसतं, बघ.

मग? मग काय, गप्प बसले. तुझा नंबर होता, फोन केला नाही. म्हटलं डॉक्टर येईल वर्षानं तेव्हा बघू. घोकंपट्टी तर परीक्षेनंतरच थांबवली होती. पण तिच्या डोक्यात ते पाच शब्द बसले ते बसलेच — मम्दूह गेला, नाश्ता गेला, नवरा मेलाय हेही कधी कधी जातं, पण कंदील होडी मोगरा जाईना. एक दिवस टोपलीतून गाबरला चिठ्ठी, तिच्या त्या सुंदर अक्षरात: कंदील, होडी, मोगरा, चमचा, निळा. गाबर खालून ओरडतो, ‘उम्म शौकी, निळा किती किलो देऊ?’ पण मी सांगितलेलं ना, नाही म्हणायचं नाही. तर त्या माणसानं रमजानचा उरलेला कंदील दिला, चमचा दिला, समोरच्या कुंपणावरून मोगरा तोडला, वर्तमानपत्राची होडी करून ठेवली आणि कपड्यांच्या निळीची पुडी. टोपली वर गेली आणि वरून तिचा आवाज, ‘आज सगळं मिळालं.’ इतका खूश आवाज मी तिचा वर्षात ऐकला नव्हता. मी या मोरीपाशी नळ सोडून उभी राहिले.

आणि गोळ्या — तेच सांगायचं होतं. तिच्या प्रेशरच्या गोळ्या. ती सकाळी टोपली सोडायची, वदीअ द्यायचा. दुपारी सोडायची, तो जेवायला गेलेला, त्याची बायको द्यायची. संध्याकाळी पुन्हा वदीअ, त्याला वाटायचं सकाळचं पाकीट हरवलं असेल. नाही म्हणायचं नाही. मी बघत होते टोपली जाताना, गोळ्या होत्या, मला वाटायचं बरं आहे, औषध वेळेवर घेतेय. पाहा, नाक खुपसायला माझ्याइतकं या गल्लीत कुणी नाही, आणि जिथं खुपसायचं तिथं नेमकं खुपसलं नाही. गेल्या महिन्यात प्रेशर पार उतरून न्हाणीत पडली. मी दार फोडून घेतलं. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, तिथून मम्दूहला फोन गेला. मम्दूहनं मला विचारलं, ‘मावशी, पण गेल्या वर्षी तर सत्तावीस होते.’ मी म्हटलं, ‘हो बाबा, होते.’

एवढंच म्हटलं मी.

तर आता तू लिही. आत्ता, माझ्यासमोर. ते सत्तावीस खोड आणि लिही की शेजारणीनं सांगितले, खरे किती ते खुदा जाणे. माझं नाव लिही, सही करते, मला येते सही. आणि तिला घे त्या गटात. एक वर्षच गेलंय. एका वर्षानं काय होतं? बाळ असतं तर धड बोलायलासुद्धा लागलं नसतं.

अजून तपासलंही नाहीस तू तिला, मग कसं म्हणतेस — दवाखान्याचा फोटो पाहिलास. बरं. त्यात दिसतं का, कधी सुरू झालं? गेल्या वर्षी किती होतं ते? नाही सांगता येत? म्हणजे गेल्या वर्षी खरे मार्क पडले असते तरी घेतलं असतंच असं नाही? आणि घेतलं असतं तरी थांबलं असतं असं नाही? — बोल ना. मान कशाला हलवतेस, मान हो म्हणून हलवतेस की नाही म्हणून? तुमचं हे असंच, सोमवार आणि गुरुवार. फाशी द्यायची तर द्या, सोडायचं तर सोडा.

गाबरचं वाक्य मी तुला पूर्ण सांगितलं नाही मघाशी. वदीअ खोकला तो जरा उशिरा खोकला. ‘हे सगळं झालं ते त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईमुळं.’ मी ऐकलं. पाव घेतले, गरम होते खरंच, आणि वर आले. म्हणून तुला विचारतेय मघापासून, शुक्रवार खरा का.

खरा.

पण आश्रम नाही? — मम्दूह स्वतः येतोय? दम्मामला नेतोय, त्याच्या घरी? मग गाबर — म्हणजे गाबरला अर्धंच कळलं. बरं झालं, आश्रम नाही. पोरगा नेतोय, चांगलंच आहे, देव त्याचं भलं करो. कितवा मजला त्याचा? अकरावा. आणि खिडक्या उघडत नाहीत ना तिथं, थंड हवेची यंत्रं असतात. ती दोरी सोडेल कुठून मग? आणि गाबरचं दुसरं अर्धं, माझ्याबद्दलचं? ते तुझ्या कागदात नसेल. नाही, असू दे, तू कशाला सांगशील.

बांग झाली बघ. उठली असेल — ही बघ, उतरलीच टोपली. थांब, चिठ्ठी आहे, धर ही दोरी जरा. चष्मा कुठं गेला… ‘होडी.’ एवढंच? पालट बघू, मागं असेल. नाही. परवापर्यंत पाचही असायचे ग.

यंदा तुझे शब्द वेगळे आहेत? बरं केलंस, मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. जा तू वर, ती दार उघडेल, तुला ओळखणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. जे पडतील ते मार्क लिही. मी नाही येत. मी कोपऱ्यात बसले तर माझं तोंड हलेल, मला माहीत आहे माझं तोंड. ते कालचं वर्तमानपत्र दे इकडं — हां, तेच — होडी कशी घालतात, आधी आडवं दुमडतात का? असू दे, जमेल. तू जा. दार ओढून घे.