लिंबाचे हाल

हॅलो?… कोण?… अगं ठमे, तू होय! थांब हं, फोन स्पीकरवर टाकतो, हात बरबटलेत… हां, बोल आता.

नाही गं, घरीच आहे. अर्धी रजा टाकली. दातांच्या दोन कवळ्या मेणातच ठेवून आलोय, त्या उद्या झाल्या तरी चालतील… काय करतोय म्हणजे? स्वयंपाक!… हस, पोटभर हस. भावाने ओट्याशी उभं राहायचंच नाही का?

नाही, वहिनी नाही आली अजून. म्हणून तर… अगं, विसरलीस? आज पहिला दिवस तिचा! पाच महिन्यांनी बस घेऊन गेली… हो, तोच मार्ग… नाही ना, फोन नाही. दुपारी सुट्टीत करते म्हणाली होती. मी तरी कसा करणार? नेमकी गाडी चालवत असली म्हणजे?… चार वाजता खालून बस गेली, मी धावत खिडकीशी. पण काचेवर ऊन, आत कोण बसलंय काही दिसेना.

काळजी नाही कशी? खांद्याचं हाड जुळलं, ते डॉक्टरांनी कधीच सांगितलं. पण मन आहे ना! अजून रस्ता ओलांडताना माझा दंड असा धरते की वळ उठतात. आणि तिची चूक तरी काय होती, सांग? सिग्नलला बस घेऊन उभी होती बिचारी, मागून ट्रक येऊन आदळला. आधी सगळी माणसं खाली उतरवली आणि मग स्वतः फुटपाथवर बसली… हो, हो, तुला माहितेय सगळं. मीच सारखं बोलतो, काय करू!

पास्ता गं. मशरूमचा. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला तो. तुलाही नेलं होतं, तू बशी चाटलीस… चाटलीस, मी समोर बसलो होतो! तर खांद्याला पट्टा होता तेव्हा ती म्हणाली होती, परत बस चालवीन त्या दिवशी तिथे जाऊन तो खायचा. आणि हॉटेलच बंद झालं! मालक लेकीकडे राहायला गेला. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे… कळलं ना तिला. नुसतं 'बरं' म्हणाली. तिचं ते 'बरं' तुला माहितेय ना? तेच.

मग मी घेतलं मनावर. पहिला जमला तो निव्वळ खळ, भिंतीवर कागद चिकटवावेत असा. दुसऱ्या वेळी मशरूम छान धुऊन टाकले. त्यांनी एवढं पाणी सोडलं की पास्ता पोहायलाच लागला… छे, तिला नाही दाखवलं. ती खांद्याच्या व्यायामाला गेली की करायचो, आणि डब्यात भरून कामावर न्यायचो. आता तिथे मी जवळ गेलो की सगळे भरल्या पोटावर हात फिरवतात.

अगं ऐक ना, खरी गंमत पुढेच आहे! आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. एका आजोबांच्या कवळीचं माप नीट येईना. गेलो, तर खुर्चीत कोण? त्या हॉटेलचा आचारी!… तोच गं, भुवईवर भाजल्याचा डाग असलेला. मी विषय काढल्यावर म्हातारा असा खुलला! पण तोंडात एक दात नाही. तो बोलणार काय, मला कळणार काय? मशरूम धुवायचे नाहीत, फडक्याने पुसायचे. कोरड्या कढईत टाकायचे, तेल मागाहून. पास्त्याचं पाणी वाटीभर राखून ठेवायचं. एवढं कळलं. आणि निघताना म्हणतो कसा, "शेवटी लिंबाची हाल! विहरू नको!"

हाल गं, हाल! मला वाटलं, लिंबाचे हाल कर म्हणतोय. आलो घरी आणि दोन लिंबं अशी पिळली, अशी पिळली… फाटली ना सगळी साय! चोथापाणी!… पुरे झालं, हसू नकोस. वीस वर्षं लोकांचे दात बनवतोय मी, आणि पुढचे दात नसले की 'स'चं काय होतं, ते ऐन वेळी सुचू नये?

मग काय, सगळी कामं बाजूला सारून त्याची कवळी घेतली हातात. आज सकाळी बसवली. आरशात वळून वळून बघितलं त्याने. मी म्हटलं, "काका, आता सांगा, लिंबाचं काय?" तर म्हणतो, "साल!"… शिवी नाही गं! साल! लिंबाची साल! वरवरची पिवळी किसायची, पांढरं येऊ द्यायचं नाही, आणि घालायची गॅस बंद केल्यावर. डोळेच पाणावले माझे. आपण बनवलेल्या दातांतून इतका स्वच्छ 'स' पहिल्यांदा ऐकला.

थांब, थांब… किर्रर्र ऐकू आलं? मशरूम वाजायला लागले की तेल सोडायचं… आता साय… थोडं पाणी… अगं, वास तर तोच येतोय! नाही, खरंच तोच!… हां, गॅस बंद. आता किसणी… आई गं!… काही नाही, बोट.

शूऽऽ… जिन्यात कोणीतरी आहे… चावी… आली! नको, नको, ठेवू नको फोन. गप्प बस फक्त.

आलीस?… दमलीस का?… ये, ये…

ठमे, खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नाही. सरळ ओट्याशी आली… कढईतच काटा घातला… उभ्या उभ्या खातेय.

कसा झालाय?

…म्हणते, तसा नाही झाला… हो, ऐकलंस ना तूही? तसा नाही म्हणे. त्यात थोडा धुराचा वास असायचा… अगं, मी कशाला वाईट वाटून घेऊ? दुसरा घास घेतला ना तिने! आता तिसरा!

काय गं?… काय म्हणालीस?… ठमे, फोन का नाही केला माहितेय? एका ड्रायव्हरला ताप भरला, तर त्याची दुपारची फेरीपण हिनेच मारली! सुट्टी घेतलीच नाही!… मी इथे खिडकीला नाक लावून उभा, आणि ही…

हात?… पहिल्या तीन स्टॉपपर्यंत कापत होते म्हणते… मग?… मग एका बाईने दार उघडायला उशीर झाला म्हणून दणकून भांडण काढलं, आणि हिनेही तिला सुनावलं! त्यानंतर नाही कापले… अगं, हसतेय! ठमे, तुझी वहिनी तोंडात घास घेऊन हसतेय!

उद्या?… उद्याही जाणार?… पहिली बस! पहाटेची! स्वतः मागून घेतली म्हणे…

हो, हो, रविवारी ये तू, तुलाही करून घालतो. पण आत्ता ठेवतो गं. कढईचा तळ दिसायला लागलाय, आणि मी अजून चाखलासुद्धा नाही… अहो बाई, एक काटा तरी… ठेव, ठेव!