मुकुटाच्या आदल्या दिवशी

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या पार्लरमध्ये माझ्या शेजारी मेक्सिकन मायलेकी बसल्या होत्या. त्यांच्यात मुलीचा पंधरावा वाढदिवस चर्चमध्ये, मुकुट घालून, लग्नासारखा थाटात करतात.

"आई, केस खांद्यापर्यंत कापू दे ना."

"उद्या पंधरावा वाढदिवस आणि आज कात्री? मग मुकुट काय टकलावर ठेवायचा?"

"मुकुट तूच निवडलास. तो गुलाबी झगाही तूच."

"मग? तुझ्यावर सोडलं असतं तर जीन्स घालून चर्चमध्ये उभी राहिली असतीस."

"आणि बाबा सगळ्यांसमोर माझे साधे बूट काढून उंच टाचांचे सँडल घालणार, ते कशासाठी?"

"तू मोठी झालीस, आता स्वतःचं स्वतः ठरवणार, हे लोकांना कळायला!"

"ते सँडल तरी मी निवडू ना?"

"आणून ठेवलेत मी. चार इंची."

तेवढ्यात पार्लरवाली आली. "इत्झेल, किती कापायचे गं?"

"आईला विचारा. मी उद्या संध्याकाळी मोठी होणार आहे."